कौल लागण्यापूर्वी

शिरूरच्या बसस्थानकावर सकाळची दौंडची गाडी लागली होती. खिडकीजवळच्या आसनावर पांढऱ्या शेवंतीची एक पाटी प्रवाशाच्या ऐटीत विसावली होती. ऋतिका तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ह्यांचं तिकीट काढलंय का?"

शेजारचा तरुण गडबडून उठला. "न्हाई मॅडम... देवाची फुलं हायेत, त्यांना पास असतो. बसा तुम्ही."

त्याने पाटी मांडीवर घेतली. नंतरच्या साऱ्या प्रवासात शेवंतीच्या आडून केवळ त्याचे डोळे दिसत राहिले.

त्याचे नाव ज्ञानेश. रांजणगावच्या एका कारखान्यात रात्रपाळीला सुट्या भागांची मापे तपासण्याचे काम तो करी आणि सकाळी शिरूरहून फुले घेऊन घोडनदीकाठच्या आपल्या गावी परते. तेथील भैरवनाथाच्या पूजेचा मान त्याच्या गुरव घराण्याकडे होता. ऋतिका मूळची केंदूरची. शिरूरला आत्याकडे राहून ती दौंडच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असे. गाडी एकच, वेळ एकच. त्यामुळे ओळख वाढण्यास अन्य कारण लागले नाही.

"एवढं काय वाचता रोज?" त्याने एकदा विचारले.

"पुंजयामिकी. क्वांटम म्हणतात ना, ते."

"कळंल असं सांगा की."

"इलेक्ट्रॉनला प्रश्न विचारला, म्हणजे त्याचं मोजमाप केलं, तर तो वर किंवा खाली एवढंच सांगतो. पण विचारण्यापूर्वी तो वर होता की खाली, ह्याला उत्तरच नसतं."

"हे तर आमच्या कौलावानी झालं!" ज्ञानेश म्हणाला. "मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण आबांना, माझ्या वडलांना, सांगू नका... उत्तर पाकळीच्या ओलीत आधीच असतं. जी कमी ओली, ती आधी सुटणार. तुमच्या इलेक्ट्रॉनातही अशीच ओल असंल. दिसत न्हाई, एवढंच."

"मोठमोठ्यांना तसंच वाटलं होतं. पण प्रयोग सांगतात, एकेका इलेक्ट्रॉनात आधीपासून दडलेली अशी ओल तिथं नाही."

"मग काय हाय?"

"तेच तर ठरत नाही! गणित अचूक येतं. अर्थ लागत नाही."

श्लोक मुखोद्गत असणे निराळे आणि त्याचा अन्वय लागणे निराळे. अणू का टिकून राहतो, सूर्य का तळपतो, हातातला मोबाईल कशामुळे चालतो, ह्यांपैकी कशाचीही उपपत्ती ह्या शास्त्रावाचून सांगता येत नाही. तरीही त्याच्या अन्वयाबाबत विद्वानांत आजवर एकमत नाही. ऋतिकेला ओढ होती ती ह्या अन्वयाची.

गाडी न्हावऱ्याला थोडा वेळ विसावे.

"चहा घेणार?" ज्ञानेशने एके दिवशी विचारले.

"तुम्ही विचारण्यापूर्वी माझं उत्तर काय होतं, सांगा."

"व्हय असंच होतं."

"चूक. नव्हतंच. आत्ता झालं." ती हसत खाली उतरली.

माघ सरला. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत ऋतिकेची निवड झाली. विषय हाच, पुंजयामिकीचा अर्थ. केंदूरला तिचे वडील बापूसाहेब शेवग्याच्या बागेत होते. त्यांनी बातमी ऐकली आणि कपाळाला आठी घातली.

"गणित बरोबर येतंय म्हणतीस, मग अर्थ कशाला पायजे? हितं नोकरी हाय. तिकडं इतक्या लांब एकटी..." थोड्या वेळाने ते म्हणाले, "रविवारी कुलदैवताला कौल लावू. नाथ सांगंल तसं."

ते कुलदैवत म्हणजे ज्ञानेशच्या गावचा भैरवनाथ. गाडीत तिने हे सांगितले, तेव्हा त्याचे हसू मावळले.

"तो कौल मलाच लावावा लागणार. आबांचे हात कापतात आता."

"म्हणजे माझं बंगळूर तुमच्या बोटांच्या ओलीवर!" ती थट्टेने म्हणाली.

गाव आले तसा तो उतरून गेला. शेवंतीची पाटी मात्र गाडीतच राहिली आणि दौंडपर्यंत ऋतिकेच्या मांडीवर गेली.

रविवारी सकाळी गाभाऱ्यात धुपाचा मंद दरवळ होता. बापूसाहेबांनी हात जोडले. "नाथा, पोरीला बंगळूरला धाडू का? धाडायची असंल तर उजवा दे."

ज्ञानेशने दोन पाकळ्या तांब्यातल्या पाण्यात बुडवल्या. हात उचलला... आणि तसाच थांबवला. मग त्याने दोन्ही पाकळ्या तबकात परत ठेवल्या.

"आबा, हा कौल मला लावता येत न्हाई."

"का रं?" त्याचे वडील मारुतराव पुढे सरकले. "सोयर हाय का?"

"न्हाई. माझं... मन हाय त्यात."

ऋतिकेने मान खाली घातली. पदराचे टोक तिच्या बोटाभोवती गुंडाळले जात होते.

"म्हंजी काय?" बापूसाहेबांनी विचारले.

मारुतराव सावकाश म्हणाले, "ज्याला निकालाची आस हाय, त्यानं पाकळीला हात लावायचा न्हाई. आमचा जुना नेम हाय, बापूसाहेब."

"कुठला पायजे रं तुला? उजवा का डावा?" बापूसाहेबांनी ज्ञानेशला विचारले.

ज्ञानेशने एकदा ऋतिकेकडे पाहिले. "डावा पडला तर ह्या हितंच राहतील... म्हणून डावा. उजवा पडला तर ह्यांना जे पायजे ते मिळंल... म्हणून उजवा. दोन्ही हवेत मला. एकाच वेळी."

मारुतरावांनी मिशीतले हसू लपवण्यासाठी घंटेकडे पाहिले. बापूसाहेब मात्र लेकीकडे वळले. त्यांनी देवाला विचारण्याचे ठरवले होते, आत्याला विचारले होते, भावकीलाही विचारले होते. लेकीला विचारायचे तेवढे राहून गेले होते.

"आन् तुला गं?"

"मला जायचंय, अण्णा." तिने मान वर केली. "आणि परत यायचंय... दौंडच्या ह्याच गाडीनं."

बापूसाहेबांनी मूर्तीकडे पाहिले. मग डोळे पुसून ते म्हणाले, "मारुतराव, कौल ऱ्हाऊ द्या. नाथापुढं खरं बोलून झालं. जा म्हणतो मी हिला. बाकीचं ही परत आल्यावर बोलू. पोरगं घरी येऊन चहा घेऊन जाऊ दे तवर."

मारुतरावांनी त्या दोन पाकळ्या प्रसाद म्हणून ऋतिकेच्या तळहातावर ठेवल्या.

दोघे दीपमाळेपाशी आले. नदीवरून वारा येत होता.

"खरं सांगा," तिने विचारले, "अण्णांनी विचारण्यापूर्वी तुमचं उत्तर होतं का?"

"होतं. तुम्ही फुलांचं तिकीट मागितलं, तवापास्नं. तेवढ्यापुरतं तुमचं क्वांटम चुकलं, मॅडम."

"माझ्या बाबतीत चुकलं नाही." ती नदीकडे पाहत म्हणाली. "माझं... तुम्ही पाकळ्या खाली ठेवल्यात, तेव्हा झालं."

वाऱ्याने तळहातावरची एक पाकळी आधी उडाली, मग दुसरी. उजवी कोणती आणि डावी कोणती, हे त्या दोघांपैकी कुणीही पाहिले नाही.