केबिनमधलं दुसरं स्टूल

"पाय वर घ्या," अंधारातून कुणीतरी म्हणालं. "उंदीर येतोय."

मी किंचाळले नाही. फिल्मचे डबे छातीशी धरून खुर्चीवर चढले, एवढंच. बॅटरीचा उजेड माझ्या चपलांवर पडला, जरा वर सरकला आणि शहाण्यासारखा पुन्हा खाली गेला.

"रोजचाच आहे तो. तिकीट काढत नाही, पण शिट्ट्याही मारत नाही." तो हसला. "मी इथला ऑपरेटर. आणि तुम्ही त्या मूकपटवाल्या बाई."

"बाई काय? म्हातारी दिसते का मी?"

"अंधार आहे हो... उजेडात बघून सांगतो."

आगाऊच होता. पण आवाज छान होता, हे कबूल करायला हवं.

जुने मूकपट टॉकीजच्या मालकांच्या गळ्यात मारायचे, हे माझं काम. नकार पचवायची सवय झाली होती, पण या वेळी ऑफिसने निर्वाणीचं सांगितलं होतं – याही मालकांनी नाही म्हटलं तर मूकपट बंद, डबे कायमचे गोदामात. माझ्या आईला ऐकू येत नाही. आमच्या घरात सगळं बोलणं ओठांवरून वाचायचं, आणि तिच्यासाठी सिनेमा म्हणजे मूकपटच. तिचा सिनेमा गोदामात टाकायला माझं मन तयार नव्हतं.

टॉकीजचे मालक, म्हणजे ऑपरेटरचे काका, नमुन्याची रिळं बघायला कसेबसे तयार झाले. माझ्या शेजारी बसले तेही खुर्चीच्या कडेवर. बाहेर लख्ख सकाळ होती, आत मिट्ट काळोख. पडद्यावर एक मुलगी धुक्यातून पूल ओलांडत होती. सगळीकडे चिडीचूप... आणि मग वरून आवाज आला. कर्र... कर्र... जुन्या स्टुलावर कुणीतरी सावरून बसावं तसा.

मालकांनी खुर्चीचा हात गच्च धरला. मी मागे वळून पाहिलं.

केबिनच्या काचेमागे, प्रोजेक्टरच्या उजेडात तो उभा होता. ओठ हलत होते, आणि मी ते सवयीने वाचले. "बाबा, चपला बघितल्यात का तिच्या? केवढ्याशा..."

मी लाजायच्या बेतात होते. तेवढ्यात त्याच्या खांद्याशी दुसरा चेहरा दिसला. म्हातारा, गळ्यात मफलर, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याचेही ओठ हलले. "चपला काय बघतोस? चहाचं विचार आधी तिला, गाढवा."

मला हसूच फुटलं.

दिवे लागले तसे मालक घाम पुसत उठले. "नाही जमायचं. तुमच्या सिनेमात खोट नाही. पण बोलपटात गाणी असतात, गोळीबार असतो. यात... वरचं ऐकू येतं."

"अहो, वर तुमचा पुतण्या आहे आणि त्याचे वडील. त्यात काय एवढं?"

मालक पांढरेफटक पडले. "माझा भाऊ केव्हाच गेला, पोरी. त्याच केबिनमध्ये. आमचं बोलणं बंद होतं तेव्हा. अजून राग धरून बसलाय तो..."

डबे तिथेच टाकून पळावं, असं वाटलं. पण पाय जिन्याकडे वळले, का ते माझं मलाच कळलं नाही.

केबिनमध्ये दोन स्टुलं होती. तो एकावर बसला होता. दुसरं रिकामं.

"लहानपणापासून इथं बाबांशेजारीच बसायचो," तो ओशाळून म्हणाला. "अजून बोलतो त्यांच्याशी. उत्तर येत नाही... पण सवय जात नाही."

"येतं उत्तर," मी म्हणाले. "तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच."

"थट्टा नको. यात तरी नको."

मी मफलर सांगितला. चष्म्याचा दोरा सांगितला. तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मग काकांना खाली बसवा," तो कसाबसा म्हणाला. "उरलेलं रीळ लावतो. आणि बाबांना विचारतो, काकांवर राग आहे का अजून."

पुन्हा काळोख. पुन्हा ते कर्र... कर्र... मालक डोळे मिटून कडेवर बसलेले. मी काचेकडे बघत होते. म्हाताऱ्याचे ओठ हळूहळू हलले.

"काय म्हणतोय?" मालकांनी डोळे न उघडता विचारलं. "शिव्या देतोय ना?"

"म्हणताहेत... धाकट्याला सांग, कडेवर काय बसलाय? नीट टेकून बस म्हणावं. त्याची पाठ धरते."

मालक हळूच मागे सरकले, पाठ टेकली आणि लहान मुलासारखे रडले. पडदा पांढरा झाल्यावर म्हणाले, "येत्या रविवारी सकाळी लावा तुमचा मूकपट."

ऑपरेटर जिना उतरून धावत आला. "आणि माझ्याबद्दल? काय म्हणाले?"

"चहाचं विचार आधी तिला, गाढवा."

"गाढवा?" त्याचा चेहरा फुलला. "तेच आहेत! मग... घेणार ना चहा?"

"उजेडात बघून सांगते," मी म्हणाले.

रविवारी मी आईला घेऊन गेले. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिच्या मांडीवर पर्स, नजर पडद्यावर, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू. मध्येच मी मागे वळले. तो माझीच वाट बघत होता. एकेक शब्द सावकाश, ओठांवर ठेवून... "तुम्ही... मला... फार आवडता."

आईने मला कोपराने ढोसलं. तीही मागे वळली होती.

"त्याचं तुझं तू बघ," ती ओठांनीच म्हणाली. "पण त्याच्या शेजारचे मफलरवाले गृहस्थ मला विचारताहेत – आमचा मुलगा पसंत आहे का? काय सांगू?"

मी काचेकडे पाहिलं. दोघंही श्वास रोखून उभे होते. म्हणजे, त्यातला एक तरी.

"हो सांग," मी म्हणाले.