आत घंटा कुणी वाजवली

आजवर मला कुणी घाबरवू शकलेलं नाही. पाल, दाताचा डॉक्टर आणि बायको, एवढी सोडून. आणि ती एक दुपार.

आमची सात वर्षांची पोर तापानं गेली. मग बायकोनं, हिनं, बोलणं टाकलं, जेवण टाकलं, अंथरूण सोडेना. औषधं थकली तेव्हा भूल देऊन मेंदूला विजेचे झटके द्यायचं ठरलं. मी म्हणालो, "डॉक्टर, लग्नापासून मीच देतोय!" कुणी हसलं नाही.

आठव्या झटक्यानंतर ही उठून बसली. चहा मागितला. मधल्या काही आठवणी पुसल्या जातील, हे डॉक्टर बोललेच होते.

"पोर कुठंय हो?"

मी जन्माचा थापाड्या. "लपलीय. शोध बघू."

ही हसली! सात महिन्यांनी. मग खरं कुठल्या तोंडानं सांगू? लपाछपीतही माझं असंच. राज्य आलं की थाप मारून पळायचो, माझ्या वाटचं राज्य हीच घ्यायची. शोधायला उशीर झाला की पोर लपल्या जागेवरून तीनदा टकटक करायची.

त्या दुपारी मेंदूचा दुसरा फोटो काढायचा होता, झटक्यांआधीच्या पहिल्याशी ताडून बघायला. मशीनवाल्यानं हिला त्या पांढऱ्या बोगद्यात सरकवलं, खोलीचं जाड दार लावलं. आम्ही काचेअलीकडे. गार हवा, स्पिरिटचा वास, आत ठोकाठोक.

मधेच घंटा वाजली. तीनदा.

"घाबरल्या वाटतं." त्यानं मशीन थांबवलं, माइकमध्ये विचारलं, "बाई, फुगा दाबलात?"

"नाही... माझ्याकडे कुठंय फुगा?"

त्याचा चेहरा उतरला. घंटेचा रबरी फुगा हिच्या हातात द्यायचाच राहिला होता. काचेतून दिसत होता, आतल्या भिंतीच्या खुंटीवर. हलत होता... हळूहळू.

पुन्हा घंटा. तीनदा.

संध्याकाळी डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी धरले. "हा आठवणींचा भाग. आधीपेक्षा थोडा भरलाय. झटक्यांनंतर असं दिसतं. नक्की का, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

बाहेरच्या बाकावर मी हिचा हात धरला. आज सांगायचंच.

"अगं, पोर लपलेली नाही... ती..."

"गेली. माहितीय," ही शांतपणे म्हणाली. "आत तिनंच सांगितलं. आणि म्हणाली, आईनं खूप शोधलं, आता राज्य बाबांवर."