अंगावरची शिवण

सांगलीतल्या आमच्या केंद्राला सगळे ‘इन्क्युबेटर’ म्हणतात. सुरुवातीला लोक विचारायचे, "कोंबड्यांचं का?" तयार कपड्यांचा धंदा सुरू करू पाहणाऱ्यांना आमच्या हॉलमध्ये टेबल, मशीन आणि ठरावीक मुदत मिळते. मुदतीत मोठी ऑर्डर नाही आली, तर टेबल सोडायचं. बहुतेक जण सोडूनच जातात. मी इथला व्यवस्थापक, त्यामुळे त्यांना निरोप द्यायचं नकोसं कामही माझंच.

कडेगावच्या संयोगिताची आणि तिच्या धाकट्या बहिणीची, रेश्माची, मुदत संपत आली होती. पुण्याच्या एका दुकानाला कुर्त्याचा नमुना तातडीनं हवा होता आणि नेमका मापाचा पुतळा खांद्यातून मोडलेला. संयोगितानं रेश्मालाच उभं केलं, कुर्ता तिच्या अंगात चढवला आणि सुईदोरा घेऊन तसाच शिवायला लागली.

"ताई, तोंडात काडी तरी धरू दे. जित्या माणसाच्या अंगावर असं शिवत न्हाईत."

"गप उभी ऱ्हा. कुठं टोचतंय ते सांगायला तोंड मोकळं पायजे."

काडी न धरता अंगावर शिवलं तर माणूसही कापडात शिवला जातो, असं माझी आईही सांगायची. मी बीएस्सी झालेला माणूस, असल्या गोष्टी मनावर घेत नाही.

नमुना झकास उतरला. फोटो बघूनच दुकानानं लगेच ऑर्डर दिली आणि आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. केंद्रातल्या मदतनीस बनुबाई नमुन्यावर इस्त्री फिरवत होत्या, तेव्हा पलीकडच्या टेबलावरून रेश्मा म्हणाली, "पाठ लय भाजतीया." उन्हाळ्यात सांगलीत सगळ्यांचीच भाजते, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

मग नमुन्यावरून साचा काढला आणि माल शिवायला घेतला. मशीन सुरू झाली की रेश्माच्या अंगभर टोचायचं. मशीन थांबली की थांबायचं. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. मलाही ते पटलं. गोळ्यांनी काही फरक पडला नाही.

माल पुण्याला रवाना झाला, त्या दिवशी बनुबाई नमुन्याची एक शिवण उसवायला बसल्या. रेश्मा बरगडी धरून खाली बसली आणि गुरासारखी ओरडली. बनुबाईंनी कुर्ता टाकला तशी ती गप झाली.

"भरतेशदादा, ह्यो कुर्ता हितनं न्या," संयोगिता म्हणाली.

मला राग आला. शिकल्यासवरलेल्या पोरी, आणि हे काय! तिचं खूळ घालवावं म्हणून मी कुर्ता माझ्या खोलीत नेला, दार लोटलं आणि त्याच्या खांद्यात हळूच टाचणी खुपसली.

"आई गं!"

दार उघडून पाहिलं, तर हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला रेश्मानं खांदा धरला होता.

मी टाचणी काढली. कुर्ता मऊ मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. त्यानंतर मात्र रेश्मा बरी झाली. खायला लागली, बहिणीची थट्टा करायला लागली. पुढची मुदतही मिळाली. मला वाटलं, सुटलो.

एके दुपारी दोघी जेवायला बसल्या होत्या. भाकरी, झुणका, खर्डा. मीही डबा घेऊन तिथंच बसलो. पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. हात खरकटे, म्हणून संयोगितानं स्पीकर लावला.

"मॅडम, माल एक नंबर! फक्त बाह्या लांब वाटतात गिऱ्हाइकांना. आमच्या मास्टरला सांगितलंय, सगळ्याच कोपरापर्यंत आखूड करतोय."

"कात्री लावू नका! तुमच्या पाया पडते, थांबवा त्यांना!" संयोगिता ओरडली.

"अहो, पहिला घेतला की त्यांनी."

फोनमधून कापड कापल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा.

रेश्मा ओरडली नाही. तिच्या हातातला घास ताटात पडला. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि फोनकडे बघत राहिली.

"ताई, माझं हात धर की."

संयोगितानं ते केव्हाच घट्ट धरले होते. तिची बोटं पांढरी पडली होती.

"धरल्यात की गं."

"कवा?" रेश्मानं विचारलं.