जांभळ्या पट्ट्यांचं कुटुंब

आर्यनने उडी मारली आणि तिथून सगळं सुरू झालं.

जमिनीवर पांढरी वर्तुळं आखलेली होती. एका कुटुंबाला एक वर्तुळ, बाहेर पाय टाकायचा नाही. मौजनगरी या पाळण्यांच्या बागेच्या फाटकावर तसा फलकच लावला होता. पण पुढच्या वर्तुळात एक मुलगी उभी होती आणि तिच्या मास्कवर डायनोसॉरचे दात होते. सहा वर्षांच्या मुलाने अशा वेळी करावं तरी काय? आर्यनने उडी मारली, त्याच्यामागे चार वर्षांच्या रेवाने, आणि भाचरांना ओढून आणायला त्यांची आत्या, अनुया, धावली.

नेमकी तेव्हाच फाटकावरच्या रखवालदाराने मान वर केली.

"दोन मोठे, तीन लहान," तो पुटपुटला. टेंपरेचरची बंदूक पाच कपाळांवरून फिरली, दोघा मोठ्यांचे लशीचे दोन डोस तपासले गेले आणि पाच मनगटांवर पाच जांभळ्या कागदी पट्ट्या चिकटल्या. एक रंग म्हणजे एक कुटुंब. पट्टी फाटली की माणूस बाहेर.

"अवो दादा," डायनोसॉरच्या मुलीसोबतचा उंच तरुण म्हणाला, "आमी दोघंच हाय. ह्या बाई—"

"आम्ही एकत्रच आहोत," अनुया म्हणाली.

तरुणाच्या भुवया मास्कपासून लांब, पार केसांपर्यंत गेल्या.

आता अनुया म्हणजे कोण, हे सांगायला हवं. जासईच्या कंटेनर यार्डात कागद तपासायची तिची नोकरी. एक आकडा चुकला तर चाळीस फुटी कंटेनर जागच्या जागी थांबवणारी बाई. पनवेलच्या घरातसुद्धा दूधवाला तिला टरकून असे. अशा बाईने डोळ्यांदेखत चुकीची नोंद होऊ दिली, कारण रखवालदाराच्या मागे दुसरा फलक होता आणि तो तिने वाचला होता: 'आकाशनौका. चार फुटांखालील प्रत्येक मुलासोबत एक मोठी व्यक्ती. फक्त एकाच कुटुंबातील.'

मुलं दोन, मोठी ती एकटी. दादा-वहिनी तळोज्याच्या कारखान्यात रविवारच्या पाळीला. आणि उद्यापासून तिसऱ्या लाटेमुळे मौजनगरी बंद.

"मुलांना नंतर कधीतरी आण," वहिनी सकाळी म्हणाली होती. पण 'नंतर' या शब्दाशी अनुयाचं वैर होतं. इंद्रजीत नावाच्या एका गृहस्थाने तिच्याशी ठरलेल्या लग्नाची तारीख चार वेळा पुढे ढकलली होती. पहिल्यांदा लॉकडाऊन होता, हे तिला मान्य. पुढच्या तीन वेळा नुसतंच 'बघू, जरा निवळू दे'. दिवाळीत तिने अंगठी परत केली आणि ठरवलं, आपण कुणाला ताटकळत ठेवायचं नाही आणि स्वतःही ताटकळायचं नाही.

"फोन नंबर एकच द्या, कुटुंबप्रमुखाचा," रखवालदार म्हणाला.

तरुण नम्रपणे अनुयाकडे वळला. "द्या की, प्रमुख."

त्याचं नाव प्रितेश. उरणचा कोळी, समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर कामाला. सोबत बहिणीची आठ वर्षांची कोमल. चार फुटांच्या वर, म्हणजे एकटी बसू शकणारी. अनुयाने हेही मापून घेतलं होतं.

"तर मना फक्त बसायला घेतलंय," आकाशनौकेच्या रांगेत तो म्हणाला. "वजन म्हनून."

"हो."

"खोटं बोलायची सवय दिसते तुमाला."

"आज पहिल्यांदा बोलले."

"मग फस्क्लास जमलं. आमची आय म्हनते, पयल्या खेपेला जमतं त्यो धंदा सोडायचा नाय."

ती रांगेत एक पाऊल पुढे सरकली. पण मास्कच्या आत ओठ हलले... आणि ते बरं झाकलं गेलं, असं तिला वाटलं. डोळ्यांच्या कोपऱ्यांचा तिने हिशेब धरला नव्हता.

नौका वर झुलली तेव्हा रेवाने किंकाळी फोडली आणि पलीकडच्या प्रितेशच्या गळ्याला मिठी मारली. आर्यन अनुयाच्या दंडात नखं रोवून हसत सुटला. दोन वर्षं या मुलांनी खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीची टाकी पाहिली होती. आता पायांखाली झाडं, डोंगर, दूरवर चकाकणारी खाडी.

"त्यो बघ दर्या," प्रितेश रेवाला सांगत होता. "तिथनं मी येतो."

"पाण्यातून? तू मासा आहेस?"

"अर्धा."

अनुया हसली. यावेळी मोठ्याने. त्याने मान वळवून पाहिलं आणि नौका खाली येईपर्यंत पाहतच राहिला. समोर पाहायचा फलक तिथे लावलेला नव्हता.

संध्याकाळी फाटकाबाहेर पट्ट्या काढल्या. "चला, घटस्फोट," तो म्हणाला. ती "थँक्यू" म्हणाली. इतकंच.

मंगळवारी सकाळी फोन वाजला.

"कोविड कक्षातून शशिकला बोलतेय. रविवारी मौजनगरीत होतात ना? आकाशनौकेवरचा कर्मचारी पॉझिटिव्ह निघालाय. तुमच्या कुटुंबातल्या पाचही जणांनी रविवारपासून सात दिवस घरात राहायचं. रोज दहाला फोन करीन. प्रत्येकाचं टेंपरेचर आणि ऑक्सिजन सांगायचा. मिस्टरांचं आज किती?"

"मिस्टरांचं..." अनुयाने पेन शोधलं. "पाच मिनिटांत सांगते."

प्रितेशचा नंबर? सुदैवाने आर्यनने कोमलशी पैज लावून तो घोकला होता.

"अवो प्रमुख!" पलीकडून आवाज आला. "इतक्यात आठवन?"

तिने सगळं सांगितलं. पलीकडे हास्याचा स्फोट, आणि मागून एका बाईचा करडा आवाज: "काय झालं रं? कोन हाय?"

"आय, माझी बायको हाय. ताप इचारते."

"प्रितेश!" अनुया ओरडली. पण तोवर तिकडे त्याच्या आयने, जनीबाईंनी, हातातला डबा आपटल्याचं ऐकू आलं होतं.

तिथून रोज पावणेदहाला फोन. मागच्या खोलीत दोन मुलांसह कोंडलेली अनुया वहीत दोन रकाने आखून बसे. पहिल्या दिवशी फोन दीड मिनिटाचा झाला. दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटांचा. तिसऱ्या दिवशी शशिकलाबाईंचा फोन दोनदा 'व्यस्त' लागला.

"अठ्ठ्यान्नव पॉइंट चार," प्रितेश सांगे. "पन तुमचा फोन वाजला का जरा वाढतो."

"वाढलेला लिहू?"

"लिवा. सरकारला खरं सांगावं."

तो तिला भरती कशी ओळखायची ते सांगे. ती त्याला सांगे की आर्यनने आज भिंतीवर डायनोसॉर काढला आणि वहिनीने दाराबाहेर ताट ठेवताना पाचव्यांदा विचारलं, "हा फोन नक्की सरकारीच ना गं?" इंद्रजीतचंही सांगून झालं, अगदी सहज, डाळ शिजत ठेवल्यासारखं. प्रितेश एवढंच म्हणाला, "चार येळा? आमच्यात जाळं चार येळा रिकामं आलं का जागा बदलतात. तुमी तेच केलंत."

पुढे विनोद जोडला नाही. तिने ते वाक्य वहीच्या कडेला लिहून ठेवलं.

शनिवारी मात्र तो म्हणाला, "चाचनी निगेटिव आली. सोमवारी सकाळी सातला बोट. एकवीस दिवस."

"अच्छा."

"उद्या शेवटचा फोन."

"हो... उद्या शेवटचा."

तिने फोन ठेवला नाही. तो बोलेल असं तिला वाटत होतं. बोलघेवडा माणूस, पाच दिवस तिला बायको म्हणत होता. पण थट्टेतून खऱ्यावर यायची पायरी त्यालाच सापडत नव्हती. "बघू," तो शेवटी पुटपुटला. "बोटीवरून आलो की... नंतर..."

तोच शब्द! अनुयाने फोन ठेवला, वही मिटली आणि रात्रभर नव्हे, पुरी दहा मिनिटं विचार केला. तिला तेवढी पुरत.

रविवारी शशिकलाबाईंचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, एक चूक दुरुस्त करायची आहे. ते माझे मिस्टर नाहीत. फाटकावर मी खोटं बोलले. ते आणि त्यांची भाची उरणला राहतात, सातही दिवस घरातच होते. हवं तर माझ्यावर कारवाई करा."

"कळलं होतं मला."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी. अगं, माझ्या यादीत चौसष्ट नवरे आहेत. एकाही बायकोला नवऱ्याचं टेंपरेचर ठाऊक नसतं. 'असेल नॉर्मल' म्हणतात. तू एकटी दशांशासकट सांगतेस, तेही लाजत! लशीच्या नोंदीतून नंबर काढून मी त्याला फोन केला आणि तेव्हाच उरणची नोंद वेगळी करून घेतली. तुला सांगू नका म्हणाला."

"का?"

"सांगितलं तर तू फोन करणं बंद करशील म्हणून."

अनुयाने एसटीचं वेळापत्रक शोधायला घेतलं.

सोमवारी पहाटेची पहिली एसटी पकडून ती उरणला उतरली. जेट्टीवर थंड वारा, डिझेलचा वास आणि मोठ्या बोटीपर्यंत नेणाऱ्या लाँचमध्ये चढणारी माणसं. प्रितेश खांद्यावर बॅग घेऊन उभा होता, शेजारी टोपली घेतलेल्या जनीबाई.

तिला पाहून त्याच्या खांद्यावरची बॅग खाली घसरली.

"तुमी? फाईल बंद झाली ना?"

"झाली. म्हणून आले." तिचा श्वास फुलला होता, आवाज नव्हता. "आता टेंपरेचर विचारायचं कारण उरलं नाही, तेव्हा खरं ते बोलते. तुम्ही मला आवडता. थट्टेत नाही. तुमचं काय ते आत्ता सांगा, लाँच सुटायच्या आत. 'बघू' म्हणालात तर याच एसटीने परत जाईन."

सहा दिवस अखंड बोललेला माणूस मुका झाला. तोंड उघडलं... मिटलं. लाँचवाल्याने भोंगा वाजवला, कोणीतरी त्याची बॅग आत फेकली, दुसऱ्याने त्याला ओढून घेतलं.

"आरं बोल की मेल्या!" जनीबाई कडाडल्या. "आठ दिस माझं डोकं खाल्लंस, अनुया असं बोलली नि अनुया तसं बोलली! आता दातखीळ बसली काय?"

लाँच सुटली. मधलं पाणी हातभर झालं, दोन हात झालं. प्रितेशने मास्क खाली ओढला आणि अख्ख्या जेट्टीला ऐकू जाईल असा ओरडला, "पयल्या दिवसापासून! नौकेत हसलीस ना, तवापासून!"

अनुयाचे कान तापले. त्याने तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं.

"एकवीस दिवस थांबशील काय?"

"नाही!"

लाँचमधली माणसं चपापली. त्याचा चेहरा पडला.

"थांबणार नाही," ती काठावर पुढे होत ओरडली. "रोज पावणेदहाला फोन करणार!"

"दर्यात रेंज नसते गो!"

"मग असेल तिथे उभे राहा!"

सगळी जेट्टी हसली. जनीबाईंनी टोपली एका हाताने कमरेवर सावरली, दुसऱ्याने अनुयाचा दंड धरला आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मासली खातेस?"

"नाही... पण शिकेन. काटे काढायला शिकवाल?"

"त्येला येळ लागतो."

"मग आजच सुरू करू," अनुया म्हणाली, आणि त्यांच्या घराची वाट कोणती हे ठाऊक नसतानाही दोन पावलं पुढे चालू लागली.