दुसऱ्या ओळीवरची बाई

दोन हजार चार सालचा जानेवारी. नेकर नदीकाठच्या एका जर्मन गावात शुभदा साळवी कागदांची पिशवी पोटाशी धरून घराबाहेर पडली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काम साधंच. तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. सरकारी कचेरीत जायचं, शिक्का घ्यायचा, घरी यायचं. शिक्का मिळाला नाही तर नवरा आणि पाच वर्षांचा विहान इथं, आणि ती एकटी परत साताऱ्याला.

नवरा उल्हास तापानं फणफणून रजईत पडला होता. विहान त्याच्या पायाशी गाड्या खेळत होता. निघतानाच तिनं विचारलं होतं,

“अहो, मागं घर बदललं तेव्हा त्या फॉर्मात माझी दोन नावं दोन ओळींवर का लिहिलीत? तो फॉर्म आता कचेरीवाल्यांनी उकरून काढलाय.”

“अगं, सगळी नावं लिहा म्हणाले, लिहिली. पासपोर्टावर शुभदा, जन्माच्या दाखल्यावर संध्या. मी काय करू?”

“एका ओळीत मावत नव्हती होय? इंजिनियर म्हणे!”

“पळ आता. उशीर झाला तर तुलाच हाकलतील,” तो खोकत खोकत हसला.

हसण्यासारखंच होतं. माहेरी चोवीस वर्षं ती संध्या होती. लग्नात उल्हासनं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘शुभदा’ लिहिलं, सासूबाईंनी पेढे वाटले, झालं. त्यानंतर संध्या कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही. तिनंसुद्धा नाही.

कचेरी म्हणजे राजाच्या काळातली तांबड्या दगडाची अजस्र इमारत. दारावर दगडी मुंडकी. लढाईतल्या बॉम्बनं कुणाचं नाक नेलेलं, कुणाचा जबडा. डोळे मात्र सगळ्यांचे शाबूत, आणि सगळे खाली, आत येणाऱ्यावर रोखलेले. उंबरा ओलांडला की रस्त्याचा आवाज चिमटीत धरून विझवल्यासारखा विझायचा. मेण घासलेली फरशी, ओल्या लोकरी कोटांचा वास, आणि त्याखाली आणखी एक… वर्षानुवर्षं बंद पेटीत पडलेल्या लुगड्यांचा. हा वास इथं कुठून आला, म्हणून ती क्षणभर थबकली.

वर जायला पॅटर्नोस्टर होता, म्हणजे बिनदाराची लिफ्ट. एका बाजूनं लाकडी खोके वर जात राहतात, दुसऱ्या बाजूनं खाली येत राहतात, आणि कुणासाठी थांबत नाहीत. चालत्यात पाय टाकायचा, चालत्यातून उतरायचं. शुभदानं जीव मुठीत धरून पाय टाकला. दोन मजल्यांमध्ये अंधार व्हायचा, आणि त्या अंधारात पलीकडच्या खोक्यातून कुणीतरी खाली जाताना खाकरल्यासारखं वाटलं. खाकरणं ओळखीचं होतं. तिचं स्वतःचंच.

तिसऱ्या मजल्यावर टेबलामागं परवान्यांची कारकून बाई, फ्राऊ लोरेन्झ, बसली होती. पासपोर्ट हातात घेऊन तिनं चेहऱ्याकडं पाहिलं, मग समोरच्या फायलीकडं, मग पुन्हा चेहऱ्याकडं.

“तुमचं काम झालंय.”

“माझं? कधी?”

“आत्ताच. सही करून परवाना घेऊन गेल्या त्या.”

“त्या… कोण?”

बाईनं फाईल फिरवून दाखवली. पत्ता तोच. नवरा उल्हास. नाव संध्या. फोटो तिचाच, पण गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. आणि सही तीच, कॉलेजात करायची तशी. सहा वर्षांत तिनं ती सही केली नव्हती.

“हीपण मीच! दोन्ही नावं माझीच. आमच्यात लग्नात नाव बदलतात…”

“आल्झो, असं बघा,” बाई थंडपणे म्हणाली, “तुमच्या यजमानांनी दोन माणसं लिहिलीत. पत्नीची जागा एकच असते. ती आज भरली.”

“मग मी कोण?”

“ते तुम्ही आम्हाला सांगायचं. आज मध्यरात्रीपर्यंत देश सोडायचा.”

शुभदा बाहेर धावली. पॅटर्नोस्टरचं खाली जाणारं खोकं नुकतंच फरशीखाली बुडत होतं. वरून तिला फक्त डोकं दिसलं. तेल लावून चापून बसवलेले केस, सरळ भांग. डोकं वर झालं. चोवीस वर्षांचा चेहरा. त्यावर राग नव्हता. नको असलेलं माणूस दारात आलं की आपण करतो ना, तेवढाच कोरडा चेहरा.

“थांब…” शुभदा म्हणाली. खोकं थांबलं नाही.

जिन्यावरून उतरून ती रस्त्यानं पळत सुटली. बर्फ पडू लागलं होतं. घराचे दोन मजले कशी चढली, तिला कळलं नाही. किल्ली दारात जाईना. आतून कुणीतरी दुसरी किल्ली लावून ठेवली होती. दारापलीकडं फोडणीचा चुरचुराट, आणि उल्हासचं हसणं. ताप उतरल्यासारखं, मोकळं.

“विहान! बाळा, दार उघड. आई आलीय.”

छोटी पावलं दाराशी आली. ज्या पोरानं आजवर आईला जर्मनशिवाय उत्तर दिलं नव्हतं, ते पोर स्वच्छ मराठीत बोललं.

“आई आतच आहे.”

“विहान… मी आई…”

आत कुणीतरी हळू आवाजात काही सांगितलं. पोरानं नीट ऐकून घेतलं, मग दाराला ओठ लावून म्हणालं,

“आई म्हणते, पहिलं वर्ष जड जातं. मग बाहेर उभं राहायची सवय होते.”