रामआळीतलं वाकडं शटर

बाळा भाटकरची बोट चुकली आणि चोर सापडला. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरा. कारण या घटकेला बाळा रत्नागिरीच्या रामआळीत आत्मारामशेटच्या दुकानात उभा आहे, त्याची मुंबईची शेवटची एसटी अजून स्टँडवर लागायची आहे, आणि चोरीला थोडा अवकाश आहे.

दुकान जुन्या मालाचं. खलाशी परदेशातून टेप, घड्याळं आणि हल्ली टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आणत, आणि बोटीचं बोलावणं आलं की इथे विकून जात. बाळाला दीड वर्षाने बोलावणं आलं होतं, म्हणून तोही आपला गेम विकायला आला होता. उद्या सकाळी तो मुंबईच्या गोदीत दिसला नाही, तर त्याच्या जागी दुसरा चढणार होता.

गेम चालू असल्याची खात्री करायचं काम हवालदार भागोजीने स्वखुशीने अंगावर घेतलं होतं. रामआळीत गस्त असली की तो अशा खात्र्या करत असे. गेममधलं विमान त्याच्या हातात आलं की पडत असे.

गिऱ्हाईक होता गंगाराम. हातखंब्याला त्याचं हॉटेल. ट्रकवाल्यांना चहाबरोबर गेम द्यायचा त्याचा बेत. मासे विकून आलेली गोदूबाई रिकामी पाटी घेऊन पंख्याखाली टेकली होती. टीव्हीच्या वरच्या फळीवर हेदवीच्या दशभुज गणपतीचा फोटो, पुढे विजेचा लाल दिवा. बाहेरच्या उजेडाने चित्र दिसेना, म्हणून शेटने शटर गुडघाभर उरवून खाली ओढलं होतं.

विमान पडणार, एवढ्यात लाइट गेली. भागोजीने मनातल्या मनात काळोखाचे आभार मानले.

काळोखात टीव्हीपाशी खुडबुड झाली. मग पावलं. मग शटर धाडकन खाली.

"चोर! गेम उचलला कुणीतरी!" शेट ओरडला. "पळू नये म्हणून मी शटर पाडलंय!"

लाइट आली. ट्यूब डोळे मिचकावून पेटली, पंखा कण्हत फिरला, टीव्हीवर मुंग्या आल्या. गणपतीपुढे तेवढा काळोख राहिला. टीव्हीपुढे गेमची वायर पडली होती, गोल गुंडाळून, रबरबँड लावून. गेम नव्हता.

आणि शटर उघडेना. खाऱ्या वाऱ्याने गंजलेली पट्टी वाकडी होऊन खाचेत रुतली होती. खाली चार बोटं फट. बाहेरच्यांनी पहार लावून पाहिली. फिटरला बोलवायला माणूस गेला, तर फिटर हातखंब्याला गेलेला.

"म्हणजे माझ्या हाटेलात चहा पीत आसंल," गंगाराम म्हणाला. "मी हितं, गिऱ्हाईक तिथं."

भागोजीने टोपी घातली. "लाइट गेली तेव्हा कुठं होतास?"

"हितंच. बाईच्या पाटीला अडखाळलो."

"पाटीला नाय, माज्या पायाला!" गोदूबाई कडाडली. "वर म्हणतो कसा, कोण मेलं हितं बसलंय!"

"बाळा, तू?"

"मी शटरखालून एसटीची वाट बघत होतो. हवालदारसाहेब, माझी गाडी जाईल हो."

"ह्यानंच लपवला असेल, माझ्याकडून पैसे उकळायला," शेट म्हणाला. "नाहीतर रीतसर फिर्याद दे म्हणावं. पंचनामा होऊ दे. चार दिवस थांब, मिळेल गेम."

बाळाचा चेहरा पडला. खलाशाला बोट परवडते, फिर्याद परवडत नाही.

भागोजीने बाळाची पिशवी झाडली. पाटी उलटी केली. एक बांगडा निघाला, त्याने चोरीचा इन्कार केला. कपाटं, खोकी, टीव्हीची पाठ, सगळं पाहिलं. देवाला हात लावला नाही. दशभुजाचे दहाही हात लांबूनच तपासले. एकाही हातात गेम नव्हता.

"भागोजी, तू गावचा मानकरी ना?" गोदूबाई म्हणाली. "मग घाल की देवाला गाऱ्हाणं. शटर तरी हलू दे."

सगळे चपला काढून फोटोकडे वळले.

"तिकडं नको!" शेट घाईने म्हणाला. "गावदेव भैरीचं देऊळ शटरच्या बाजूला. तिकडं तोंड करा."

सगळे शटरकडे वळले.

"बा म्हाराजा! हे जे शटर अडाकलंय, त्येचं वाकडं सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाहेरची गर्दीही फटीतून ओरडली.

"ज्यानं गेम घेतला आसंल, त्येला बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज शेटचा.

देवाने शटर सोडून दुसऱ्या अर्जावर आधी विचार केला असावा. भागोजी गर्रकन वळला.

"शेट, दिवा का लागला नाही?"

"बल्ब गेला असेल."

"बल्ब गेला, आणि तुम्ही नवा लावायला धावला नाही? जेवण चुकवाल, पण तो दिवा चुकवणार नाही तुम्ही." भागोजीने वायर उचलली. "चोर वायर हिसकतो. ही सोडवली आहे, गुंडाळली आहे, वर रबरबँड. दुकानातली प्रत्येक वायर अशीच आहे. काळोखातसुद्धा हातांना सवय सुटली नाही."

"अहो, पण मीच तर शटर पाडलं!"

"खुडबुडीनंतर. आधी गेम फोटोमागे सारला, त्यात दिव्याचा प्लग निघाला. मग साव व्हायला शटर पाडलंत. बाळा फिर्यादीला थांबणार नाही हे ठाऊक होतं. तो बोटीवर, गेम फुकटात तुमचा. फक्त एक चूक झाली. घरच्या देवाकडे आम्हाला पाठ करायला लावलीत. असं दुकानदार कधी करत नाही. मागे काही असल्याशिवाय."

भागोजीने हात जोडले आणि फोटो उचलला. मागे गेम होता.

"मेल्या, देवाला साथीदार केलंस!" गोदूबाई म्हणाली.

शेट पुटपुटला, "गाडीच्या वेळेपर्यंत शटर खोटं अडकवणार होतो. ते खरंच अडकलं."

"मुंबईची गाडी गेली!" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

गेम मांडीवर घेऊन बाळा फटीतून आत येणाऱ्या उजेडाकडे बघत बसला. भागोजीला त्याच्याकडे बघवेना. त्याने पावतीपुस्तकातला कोरा कागद फाडला, मजकूर खरडला आणि फटीतून बाहेर सरकवला.

"मा. कप्तानसाहेब यांसी. विषय : बोट थांबवणेबाबत. वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपला खलाशी बाळा भाटकर हा निर्दोष असून सध्या शटरच्या आत आहे. तरी सदर इसम हजर होईपर्यंत बोट गोदीतून सोडू नये. ते शक्य नसल्यास, जाताना ती रत्नागिरीवरून वळवून मिऱ्या बंदरात फिटर येईपर्यंत उभी करावी, ही नम्र विनंती."