तेवीस नंबरची सोंगटी

काम साधं होतं. सायकलवर सदरच्या बाजारात जायचं आणि मेणबत्त्या घेऊन यायच्या.

"किती?" मुकुंदने विचारलं.

"सहा. हातभर लांब," मधुकरराव म्हणाले. "आता मधे बोललास तर खाली जाऊन झोप, तिथं डास वाट पाहून राहिले तुझी."

अरुंधती तोंडाला पदर लावून हसली. नंदनवन वस्तीतल्या घराची गच्ची, १९८३ चा मे महिना, नऊ वाजताच गेलेले दिवे. गच्चीवर दोनदा पाणी शिंपडलं होतं, ते दोन्ही वेळा उडून गेलं होतं. मधुकरराव भिंतीला टेकून बसले होते. सेमिनरी हिल्सवर, जिथे मुलांना कॅथलिक पाद्री व्हायचं शिक्षण देत, तिथल्या ग्रंथालयात त्यांनी तेवीस वर्षं कारकुनी केली होती. पुतण्या-पुतणीने आज हट्ट धरला होता, आणि काकांच्या गोष्टीत दिवस, वार, वेळ पक्की असते हे दोघांना ठाऊक होतं.

"शुक्रवार, बारा फेब्रुवारी, एकोणीसशे एकाहत्तर," मधुकरराव म्हणाले. "मेणबत्त्या आणायला गेलेल्या पोराचं नाव लॉरेन्स."

लॉरेन्स बळीराम. रामटेकच्या पलीकडच्या एका खेड्यातला. बाप बळीराम मिशनच्या दवाखान्यात पहारेकरी होता. लॉरेन्स थिऑलॉजीच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. सात वर्षं त्याने त्या टेकडीवर काढली होती, आणि त्यातली शेवटची दोन तो नुसता ओढत होता. पहाटे पाचला घंटा, मग प्रार्थना, मग वर्ग, मग बागेत काम, मग पुन्हा वर्ग. रात्री पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागत. एप्रिलमध्ये त्याची दीक्षा ठरली होती. आई, प्रयागबाई, हिने गावात घरोघर सांगून ठेवलं होतं, "माहा लॉरेन्स फादर होऊन येते."

मधे फक्त एक तोंडी परीक्षा होती.

त्या परीक्षेची रीत वेगळी होती. चार वर्षांत शिकलेलं सगळं तीस प्रश्नांत बसवलेलं असे. ते तीस प्रश्न एका कागदावर सगळ्यांना आधीच मिळत. परीक्षेच्या दिवशी फादर गॅस्पर एक निळी पिशवी पुढे करत. तिच्यात हाउसीच्या खेळातल्या नंबर कोरलेल्या लाकडी सोंगट्या, एक ते तीस. पिशवी आधी खुळखुळ वाजवायची, मग मुलाने हात घालायचा. जो नंबर हाती येईल, त्यावर वीस मिनिटं बोलायचं.

फादर गॅस्पर मूळचे गोव्याचे, पण उमेदीची वर्षं त्यांनी अचलपूरकडच्या खेड्यांत घालवली होती. शिकवत इंग्रजीत, रागावत वऱ्हाडीत. पोरगा बोलता बोलता अडला की ते रागावत नसत. मान किंचित वाकडी करून हळूच म्हणत, "मंग?"

बस, एवढंच. त्या "मंग?"ने भल्याभल्यांना घाम फुटे.

डिसेंबरात लॉरेन्सच्या हाती तेवीस नंबर आला होता. मेलेल्यांसाठी जिवंतांनी केलेली प्रार्थना त्यांना पोहोचते का? पुस्तकातलं सगळं त्याने धडाधड म्हटलं. कोणत्या धर्मसभेत काय ठरलं, कोणत्या साली ठरलं.

"मंग?" फादर म्हणाले.

त्याने आणखी दोन सालं सांगितली.

"मंग? तुहा बाप गेला ना गा मागच्या वर्षी. त्याच्यासाठी करतं का प्रार्थना?"

बाप गेल्याची तार लॉरेन्सला आली तेव्हा सहामाही परीक्षा सुरू होती. त्याने तार वाचली, घडी केली आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवली. दुसऱ्या दिवशी पेपर होता. रडायला वेळ झाला की रडू, असं त्याने ठरवलं. वेळ झालाच नाही. प्रार्थनेला बसला तरी बापाचं नाव तोंडावर येईना, इतका तो थकून गेला होता.

"मंग?" फादर तिसऱ्यांदा म्हणाले. मग त्यांनी वही मिटली.

लॉरेन्स नापास झाला. पुन्हा परीक्षा सोळा फेब्रुवारीला. त्यातही गेला तर सामान बांधून घरी.

"आता त्याने काय केलं ते ऐका," मधुकरराव म्हणाले. "वाईट पोरगा नव्हता तो. पण माणूस थकला की अक्कल आधी झोपते."

फादरांची खोली झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका विद्यार्थ्यावर येई. जानेवारीत लॉरेन्सची आली. टेबलावर निळी पिशवी होती. त्याने तिच्यातली तेवीस नंबरची सोंगटी काढली आणि झग्याच्या खिशात टाकली. सोंगटीच नाही, तर प्रश्न येणार कुठून?

आणि बारा फेब्रुवारीच्या शुक्रवारी पहाटे फादर गॅस्पर झोपेतच गेले.

लॉरेन्स मेणबत्त्या घेऊन टेकडी चढला तेव्हा दुपार कलली होती. सायकल रेटताना खिशातली सोंगटी मांडीला लागत होती. आपल्याला दुःख झालंय की सुटल्यासारखं वाटतंय, हे त्याला कळेना. परीक्षा घ्यायला बंगलोरहून दुसरे फादर येणार होते. त्यांना काय ठाऊक?

पाद्री वारला की रात्रभर शवपेटीजवळ कोणीतरी जागायचं, ही तिथली रीत. एकेकाने एकेक तास. हलक्या आवाजात स्तोत्रं म्हणायची, मेलेल्यासाठी प्रार्थना करायची. दुसरं काही बोलायचं नाही. रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळच्या मिस्सापर्यंत, म्हणजे सामूहिक उपासनेपर्यंत, कोणी कोणाशी शब्द बोलत नसे. त्याला तिथे महामौन म्हणत.

लॉरेन्सच्या वाट्याला दोन ते तीन आला.

देवळात, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, सहा मेणबत्त्या जळत होत्या. वेदीकडे डोकं करून उघड्या पेटीत फादर निजले होते. जुळवलेल्या हातांत जपमाळ. आधीच्या पाळीचा पोरगा मान हलवून निघून गेला. लॉरेन्स गुडघे टेकून बसला आणि स्तोत्रांचं पुस्तक उघडलं.

पुस्तकात त्याने प्रश्नांचा कागद लपवून आणला होता.

चार दिवसांवर परीक्षा. एक तास कसा फुकट घालवायचा? त्याने पहिला प्रश्न काढला आणि मनातल्या मनात उत्तर म्हणायला लागला. दुसरा. तिसरा. डोळे मिटत होते. चौथ्यात तो अडला.

खुळखुळ.

त्याने मान वर केली. वाऱ्याने खिडकी वाजली असेल. फेब्रुवारीत वारा असतो.

पाचवा प्रश्न. सहावा.

खुळखुळ... खुळखुळ.

पिशवी वरच्या मजल्यावर, फादरांच्या खोलीत होती. खोलीला कुलूप होतं. किल्ली सेमिनरीच्या प्रमुखाकडे, रेक्टरकडे होती.

मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. वारा नव्हता.

लॉरेन्सचा हात आपोआप खिशावर गेला. सोंगटी तिथेच होती. त्याने कागदाकडे पाहिलं. डोळे घसरत घसरत तेविसाव्या ओळीवर थांबले. त्याला ती वाचायची नव्हती. पण ओठ हलायला लागले. धर्मसभा. साल. ठराव. कुजबुजत तो म्हणत गेला. संपलं.

"मंग?"

अगदी हळू. मान वाकडी करून म्हटल्यासारखं.

त्याने पेटीकडे पाहिलं नाही. राहिलेलं साल सांगितलं.

"मंग?"

"मग काय झालं?" मुकुंदच्या तोंडून निघालं.

मधुकरराव थांबले. अंधारात त्यांनी तांब्या चाचपला, घोटभर पाणी प्यायले.

"तो शब्द नको काढू आज," ते म्हणाले.

खाली रस्त्याने एक सायकल गेली.

लॉरेन्सजवळ सांगायला काही उरलं नव्हतं. कागद हातातून गळला. पळावंसं वाटत होतं, पण पळायलाही अंगात त्राण लागतं...

मेणाचा एक थेंब ओघळला.

"मंग...?"

"बाबा," लॉरेन्स म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. महामौन मोडलं. "बाबा... बळीराम... हे प्रभू, माह्या बापाले विसावा दे. मी आलो नाही. मले पेपर होता... त्याच्यावर तुझा उजेड राहू दे."

आणि तो रडला. दीड वर्ष राहिलेलं रडला. मग डोळे पुसून फादरांसाठी तीच प्रार्थना म्हटली. पुस्तकात न पाहता.

देवळात काहीच वाजलं नाही.

तो उठला. पेटीजवळ गेला. खिशातली सोंगटी काढून त्याने फादरांच्या जुळवलेल्या हातांखाली सरकवली, जपमाळेच्या आत. हात थंड होते. बाकी काही नाही. नुसते थंड.

तीन वाजता पुढच्या पाळीचा आला. त्याने लॉरेन्सकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण मौन होतं. सकाळच्या मिस्सानंतर त्याने लॉरेन्सला गाठलं.

"काहून बे, रात्री कोणाशी बोलून राहिला होता? दोघांचे आवाज येत होते बाहेर."

लॉरेन्स पुढे निघून गेला.

शनिवारी दहा वाजता धोंडबा सुताराने पेटीचं झाकण स्क्रू लावून बंद केलं. "मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो," मधुकरराव म्हणाले. "टेकडीमागच्या दफनभूमीत पेटी उतरवली, ते पाहिलं. मुरमाची लाल माती मीही मूठभर टाकली."

दुपारी रेक्टरने मधुकररावांना फादरांच्या वस्तूंची यादी करायला बसवलं. निळी पिशवी निघाली. सोंगट्या एकोणतीस भरल्या. तेवीस नंबरची नव्हती.

"एक नवीन करून टाका," रेक्टर म्हणाले.

मधुकररावांनी पुठ्ठ्याचा गोल कापला, त्यावर निळ्या शाईने २३ लिहिलं आणि पिशवीत टाकला.

"म्हणजे त्याने चोरून काहीच साधलं नाही," अरुंधती म्हणाली.

"काहीच नाही."

मंगळवारी, सोळा तारखेला, सव्वादहाला लॉरेन्स परीक्षेला बसला. बंगलोरच्या फादरांनी पिशवी पुढे केली. वाजवली नाही, त्यांना ती रीत ठाऊक नव्हती. लॉरेन्सने हात घातला. बोटांना कोरड्या लाकडी सोंगट्या लागल्या. त्यांच्यात एक ओली होती. त्याने ती सोडून दुसरी धरायला पाहिली. हात बाहेर काढला तर ओलीच हातात.

तेवीस. लाकडी.

आकड्याच्या खाचेत लाल माती होती.

लॉरेन्सने नंबर दाखवला आणि सोंगटी मुठीत मिटली. मग बोलायला लागला. एकही साल सांगितलं नाही. एका माणसाचं सांगितलं, जो दवाखान्याच्या दाराशी कंदील घेऊन बसायचा, आणि ज्याचा पोरगा त्याच्या मातीला गेला नाही. वीस मिनिटं संपल्यावरही बंगलोरच्या फादरांनी त्याला थांबवलं नाही. तो पास झाला. एप्रिलमध्ये प्रयागबाई नवं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसली. आता फादर लॉरेन्स खापरखेड्याकडे असतात.

"त्या मंगळवारी संध्याकाळी तो ग्रंथालयात माझ्याकडे आला," मधुकरराव म्हणाले. "सगळं सांगितलं. मी पिशवी टेबलावर उलटी केली. एकोणतीस लाकडी. एक माझा पुठ्ठ्याचा. आणि ही त्याच्या मुठीत. एकतीस."

"तुम्हीच बरोबर मोजल्या नसतील आधी," मुकुंद म्हणाला. पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तेवीस वर्षं पुस्तकं मोजली मी." मधुकररावांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. "तो म्हणाला, मधुकरराव, ही तुमच्याजवळच राहू द्या, पिशवीत पुठ्ठ्याची आहेच. तेव्हापासून मी ती लाकडी पेटीत ठेवतो. आज तुम्हाला दाखवायला काढली. हात पुढे कर."

मुकुंदने हात पुढे केला. गच्चीची फरशी अजून चटके देत होती, तांब्यातलं पाणी संपलं होतं.

त्याच्या तळहातावर काहीतरी लहान, गोल पडलं.

त्याने अंगठ्याने ते चाचपलं.

"काका..." मुकुंद म्हणाला. "ही ओली काहून आहे?"